ट्रॅक कळतो तो वळणात

मुदखेड-नांदेडच्या पोरांत गाड्यांच्या शर्यतीचं वेड कमी नाही. मोबाइलवर फॉर्म्युला वन आणि मोटोजीपी बघणारी, रायडरांची नावं तोंडपाठ असलेली मुलं कुठल्याही कट्ट्यावर भेटतात. पण ट्रॅकचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिथं गाडी किती पळते? या प्रश्नाने ट्रॅक कळत नाही. सरळ पट्ट्यावर गाडी इंजिनाच्या जोरावर पळते, त्यात ट्रॅकचं कर्तृत्व थोडं. विचारायचं ते वेगळं. वेग कुठे सोडावा लागतो? सोडलेला वेग परत कुठून मिळवता येतो? आणि चुकलंच, तर डांबराच्या बाहेर जागा किती आहे? शर्यत बघायला जाणार असाल, स्वतःची मोटारसायकल घेऊन ट्रॅकवर उतरणार असाल किंवा मुलाला कार्टिंगला घालायचा विचार असेल, तर या तीन प्रश्नांची उत्तरं निघायच्या आधी, घरी बसून शोधा.

त्यासाठी ट्रॅकचा नकाशा मिळवा आणि तो स्वतःच्या हाताने कागदावर काढा. छापील नकाशावरून डोळे नुसते घसरतात, हाताने काढताना मात्र प्रत्येक वळणाशी थांबावं लागतं. वळणांना क्रमांक द्या. जिथे ब्रेक लागेल असं वाटतं तिथे लाल पेन्सिल ओढा, जिथे पूर्ण रेस देता येईल तिथे हिरवी. सुरुवात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटपासून करा, कारण त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत आणि तुमच्या खुणा बरोबर आल्या की नाही हे लगेच पडताळता येतं.

हा ट्रॅक ५.१२५ किलोमीटरचा, १६ वळणांचा. आराखडा हर्मान टिल्के या जर्मन रचनाकाराचा. ३० ऑक्टोबर २०११ ला इथे फॉर्म्युला वनची पहिली इंडियन ग्रां प्री झाली. २०१३ पर्यंत एकूण तीन झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. यमुनेकाठची ही जमीन मुळात सपाट. चढउतार हवेत म्हणून माती आणून भराव टाकला. पहिल्या वळणाकडून तिसऱ्याकडे जाताना ट्रॅक सुमारे १४ मीटर वर चढतो. ही उंची नकाशावर दिसत नाही, पण या ट्रॅकचा स्वभाव बराचसा तिनेच ठरवलेला आहे.

आता तिसऱ्या आणि चौथ्या वळणांवर बोट ठेवा. तिसरं वळण चढावर, उजवीकडे जाणारं, संथ. चढ असल्यामुळे वळणाचा पुढचा भाग चालकाला आधी दिसतच नाही. त्याच्यापुढे एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. तो आधी खाली उतरतो, मग चौथ्या वळणाकडे पुन्हा चढतो. या पट्ट्याच्या शेवटी फॉर्म्युला वनची गाडी ताशी ३०० किलोमीटरच्या वर असते आणि तिथून तिला एकदम संथ वळणात शिरायचं असतं. बघणाऱ्याला वाटतं, शर्यत चौथ्या वळणावर चालली आहे, कारण मागची गाडी पुढे घुसते ती तिथे. पण तो डाव मांडलेला असतो तिसऱ्या वळणावरच. तिथून जो चालक गाडी लवकर सरळ करून लवकर रेस देतो, त्याला तो फायदा पुढच्या अख्ख्या पट्ट्यावर मिळत राहतो.

हिशोब करून बघा. एक किलोमीटरच्या पट्ट्यावर एकाचा सरासरी वेग ताशी १८० आणि दुसऱ्याचा १८३ असेल, तर पट्ट्याच्या टोकाला दुसरा साधारण एक तृतीयांश सेकंद पुढे असतो. सेकंदाचा तिसरा हिस्सा ऐकायला काहीच वाटत नाही. पण त्या वेगाला तेवढ्यात गाडी सोळा मीटरच्या वर जाते, म्हणजे चार मोटारींची लांबी. म्हणून नकाशा वाचताना आधी सगळ्यात लांब हिरवी रेघ शोधायची आणि तिच्या मागचं वळण गोल करून ठेवायचं. कुठल्याही ट्रॅकवर आधी शिकण्यासारखं वळण तेच. बाकीच्या वळणांत थोडं मागे पडलात तरी चालतं.

वळणातली लाइन हा दुसरा धडा. वळणाच्या बाहेरच्या कडेने यायचं, आतल्या टोकाला कर्बच्या जवळून जायचं आणि परत बाहेरच्या कडेला निघायचं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. का, ते फार थोड्यांना सांगता येतं. टायरची पकड तेवढीच असताना वळणातला वेग वळणाच्या त्रिज्येवर ठरतो. कोरड्या ट्रॅकवर चांगल्या टायरने ५० मीटर त्रिज्येच्या वळणातून साधारण ताशी ८० ने जाता येत असेल, तर १०० मीटर त्रिज्येच्या वळणातून त्याच पकडीत ११३ ने जाता येतं. ट्रॅकची पूर्ण रुंदी वापरून चालक हेच साधतो. वळण तेच राहतं, पण त्याची स्वतःची वाट जास्त मोठ्या गोलाची होते. बुद्ध सर्किटवर काही वळणांच्या तोंडाशी डांबर मुद्दाम जास्त रुंद ठेवलं आहे. तिथे दोन-तीन वेगवेगळ्या लाइन धरता येतात, म्हणून मागच्याला आत घुसायची संधी मिळते.

आतल्या त्या टोकाला ट्रॅकवर सगळे ॲपेक्स म्हणतात. नवशिक्यांची चूक जवळपास ठरलेली असते. त्यांना वळायची घाई होते, ॲपेक्स लवकर गाठला जातो आणि मग निघताना डांबर संपत येतं. त्यावर उपाय साधा आहे. वळायला वाटतं त्यापेक्षा थोडा उशीर करा, गाडी आतल्या बाजूला उशिरा न्या, म्हणजे बाहेर पडताना जागा शिल्लक राहते. लांब पट्ट्याआधीच्या वळणात तर हे हवंच. आत शिरताना थोडा वेग गेल्यासारखा वाटतो, तो जाऊ द्या.

काही वळणं फसवी असतात. सुरुवातीला मोकळी आणि पुढे आवळत जाणारी. अशा ठिकाणी पहिला अर्धा भाग बघून वेग ठरवला तर दुसऱ्या अर्ध्यात हात बांधले जातात. नकाशावर अशी वळणं ओळखायला वाटीची कड कागदावर ठेवून बघा. सुरुवातीला कडेशी जुळणारी रेघ पुढे आत वळली, तर वळण आवळतं आहे. त्याच्याशेजारी लाल फुली मारा.

काही गोष्टी मात्र कुठल्याच नकाशावर सापडत नाहीत. पहिली, वळणाचा आडवा उतार. माळेगावच्या यात्रेत मौत का कुआ पाहिला असेल, तर हे तत्त्व डोळ्यांपुढे येईल: जमीन आतल्या बाजूला कललेली असली की वेगच गाडीला जमिनीवर दाबून धरतो. बुद्ध सर्किटवर दहाव्या वळणापासून सुरू होणारं लांबलचक उजवं वळण असं आत कललेलं आहे, म्हणून ते दिसतं त्याहून वेगात घेता येतं. इंदूरजवळ पीथमपूरला २०२१ मध्ये सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक याच तत्त्वावर बांधला आहे, पण तो गाड्यांच्या चाचणीसाठी आहे, शर्यतीसाठी नाही. उतार उलटा, बाहेरच्या बाजूला असेल, तर वळण दिसतं त्यापेक्षा कठीण. हे पायी चालल्याशिवाय कळत नाही. परवानगी मिळाली तर सकाळी ट्रॅकवर एक फेरी चालतच मारा आणि वळणावळणाला खाली वाकून बघा, डांबर कुणीकडे झुकलंय, कुठे नवीन थर आहे, कुठे खडी उघडी पडली आहे.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे धूळ. २०११ मध्ये बुद्ध सर्किटवर आलेल्या चालकांनाही मुख्य लाइन सोडून बाजूला गेलं की घसरगुंडी जाणवली होती. वापर कमी असलेल्या ट्रॅकवर हे होतंच. गाड्या फिरत राहिल्या की लाइनवर टायरचं रबर बसतं आणि पकड वाढते, पण बाजूला धूळ तशीच राहते. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत म्हणून कुणाला गाठायच्या नादात लाइन सोडू नका.

तिसरी गोष्ट ऊन, आणि मराठवाड्यातल्या माणसाला ते नव्याने सांगायला नको असं वाटेल. पण ट्रॅकवरचं ऊन वेगळं. अंगात चामड्याचा सूट, डोक्यात बंद हेल्मेट, खाली तापलेलं डांबर आणि दोन पायांमध्ये इंजिन. सप्टेंबर २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली, मार्को बेत्सेक्कीने जिंकली. त्या शर्यतीच्या २४ फेऱ्या उष्म्यामुळे २१ वर आणाव्या लागल्या. जगातले सगळ्यात तयार रायडर जिथे कमी फेऱ्या मागतात, तिथे आपण दुपारच्या सत्रात पाणी न पिता उतरायचं हा शहाणपणा नाही. त्याच शर्यतीची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोटारसायकलींसाठी ट्रॅक ४.९६ किलोमीटरचा आणि १३ वळणांचा केला होता. जागा तीच, पण चारचाकीला चालणारं वळण दुचाकीला चालेलच असं नाही. पडलेला रायडर स्वतःच घसरत जातो, त्याला घसरायला लांब आणि मोकळी जागा लागते.

इथे तिसरा प्रश्न येतो, डांबराच्या बाहेर काय आहे. मला ट्रॅकमध्ये सगळ्यात मोलाची वाटते ती ही बाहेरची जागा. मोठ्या वेगाच्या वळणाबाहेर मोकळा पट्टा असतो, कुठे डांबराचा, कुठे खडीचा. खडीत चाकं रुततात आणि गाडीचा वेग मरतो. त्याच्यापलीकडे टायरांची रास किंवा हवेने भरलेली भिंत. प्रत्येक वळणावर झेंडा घेऊन माणूस उभा, रुग्णवाहिका तयार. आणि समोरून कोणीच येत नाही. ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे ६० ऐवजी १२० वर असाल तर गाडी थांबायला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागतं. ते चौपट अंतर ट्रॅक बांधणाऱ्याने आधीच मोजून ठेवलेलं असतं. आपल्या नांदेड किंवा भोकर रस्त्यावर ते कुणीही मोजलेलं नाही. तिथे पहाटे फुलांचे टेम्पो असतात, हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यांना मागे दिवा असेलच असं नाही, आणि वळणाबाहेर असतं ते बाभळीचं खोड नाहीतर नाल्याचा कठडा. रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे; पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी ज्याने एकदा खडीचा पट्टा जवळून पाहिला, त्याला रस्त्यावर गाडी पिळायची इच्छा राहत नाही असं मला मनापासून वाटतं. म्हणून मुलाला नुसतं रागावण्यापेक्षा एकदा ट्रॅक दाखवून आणा.

लगेच दूर जायचीही गरज नाही. मुदखेड जंक्शनवरून निजामाबादमार्गे हैदराबादकडे गाड्या जातातच. तिथे हुसेनसागरच्या काठावर ११ फेब्रुवारी २०२३ ला विजेवर चालणाऱ्या गाड्यांची, फॉर्म्युला ईची, भारतातली पहिली शर्यत झाली आणि ज्याँ-एरिक व्हेर्न जिंकला. ट्रॅक होता २.८३५ किलोमीटरचा, १८ वळणांचा, आणि तो सगळा शहराच्या रस्त्यावर, लुंबिनी पार्क, सचिवालय, एनटीआर गार्डनच्या परिसरात. आज तिथे नेहमीची रहदारी असते, पण नकाशा हातात घेऊन पदपथाने चाललात तर आराखडा उलगडतो. रस्त्यावरच्या ट्रॅकचा स्वभाव वेगळाच. इथे मोकळा पट्टा नाही, डांबर संपलं की थेट काँक्रीटची भिंत. म्हणून वळणं काटकोनी आणि लहान, वेग मोजका, आणि पुढे जायच्या जागा एक-दोनच. तिसऱ्या, जवळजवळ उलट फिरणाऱ्या वळणावर त्या दिवशी जग्वार संघाच्याच दोन गाड्या, सॅम बर्ड आणि मिच एव्हान्स यांच्या, एकमेकींवर आदळल्या. जागा नसलेल्या ट्रॅकवर ब्रेकला जरा उशीर झाला की काय होतं, हे दुसऱ्या कुठल्या उदाहरणाने इतकं चांगलं समजणार नाही. त्या शर्यतीचा व्हिडिओ आधी बघा, मग ते वळण जाऊन बघा.

आता स्वतः उतरायचं असेल तर. वय लहान असेल, आठ-दहा-बारा वर्षांचं, तर कार्टिंगसारखी दुसरी शाळा नाही. महाराष्ट्रात यासाठी पहिलं नाव कोल्हापूरचं घ्यावं लागतं. तिथल्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत, आणि ज्या कोल्हापूरने कुस्तीचे मल्ल दिले त्याच कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक २०१८ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये धावले. कार्ट जमिनीला चिकटून चालते आणि तिची ताकद थोडी असते, त्यामुळे वळणात वाया घालवलेला वेग लवकर परत मिळत नाही. लाइन चुकली की ते मुलाच्या लगेच लक्षात येतं, कोणाला सांगावं लागत नाही. मॉलमधल्या कार्ट आणि शर्यतीच्या कार्ट यांत मात्र फरक आहे. मुलाला आवड आहे की नुसती हौस, हे बघायला मॉल पुरतो, शिकायला नाही.

मोटारसायकलवाल्यांनी चेन्नईकडे बघावं. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक १९९० पासून चालू आहे. ३.७ किलोमीटरच्या या ट्रॅकवर १२ वळणं आहेत. तिथे वळणांना नावं नाहीत, सी वन, सी टू अशीच ओळखतात. पहिलंच वळण, सी वन, मोठ्या वेगात घ्यायचं आहे. सरळ पट्ट्यावरून जवळजवळ पूर्ण वेगात येऊन गाडी उजवीकडे झोपवायची. बुद्धचं चौथं वळण ब्रेकची परीक्षा घेतं, सी वन मनाची. तिथे धीर सुटला आणि मध्येच रेस सोडली तर गाडी डगमगते, म्हणून पहिल्या दिवशी सी वनला आधीच भरपूर वेग कमी करून शिरा आणि वळणभर हात स्थिर ठेवा. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलची भारतातली शिबिरं याच ट्रॅकवर भरत आली आहेत. पुण्याच्या डायना पंडोले २०२४ मध्ये राष्ट्रीय कार रेसिंगची स्पर्धा जिंकणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, त्याही याच ट्रॅकवर; तेव्हा लेकीने हट्ट धरला तर तिलाही हाच लेख वाचायला द्या.

शिबिराला नाव नोंदवताना गाडी भाड्याने मिळते का, हे सगळ्यात आधी विचारा. मिळत असेल तर स्वतःची गाडी न्यायच्या भानगडीत पडू नका. न्यायचीच झाली तर रेल्वेच्या पार्सलने जाते, टाकी रिकामी करून आणि आरसीची प्रत जोडून. मुदखेडहून चेन्नईपर्यंत गाडी चालवत नेऊन दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर उतरायचा विचार करू नका, थकलेलं अंग वळणात दगा देतं.

खर्चाचा क्रम असा लावा: आधी हेल्मेट, मग सूट, मग हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट, मग टायर आणि ब्रेकचे पॅड. सायलेन्सर आणि इंजिनावरचा खर्च सगळ्यात शेवटी, खरं तर करूच नका. हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारं, दुहेरी कडीच्या बंदाचं, पूर्वी न आपटलेलं. सूट शक्यतो एकसंध चामड्याचा, दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या चेनने जोडता येणारा. विकत घेणं परवडत नसेल तर भाड्याने मिळतो, मात्र अंगाला घट्ट बसेल असा घ्या. शर्यतीत भाग घ्यायचा ठरलं तर भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाचा, म्हणजे एफएमएससीआयचा, परवाना लागतो. नुसत्या सरावाच्या दिवसाला काय लागतं ते आयोजकांकडून लेखी मागवून घ्या.

आदल्या दिवशी आरसे काढा, दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे पडलात तरी काचा ट्रॅकवर सांडत नाहीत. चेन, नटबोल्ट, ब्रेकचं ऑइल तपासा. टायरमधली हवा ट्रॅकसाठी कंपनीने सांगितलेल्या मापाची ठेवा आणि ती टायर थंड असतानाच मोजा. फेऱ्या मारून आलेल्या तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसतो आणि त्यावरून हवा सोडली तर गफलत होते.

झेंडे पाठ करा. पिवळा दिसला की पुढे धोका आहे, वेग कमी करा, कुणाच्याही पुढे जाऊ नका. लाल म्हणजे सत्र थांबलं, हळू पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून जास्त वेगाचा येतोय. अशा वेळी घाबरून बाजूला वळू नका, आपली लाइन धरून चालत राहा, पुढे जायचं काम त्याचं. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे डांबरावर ऑइल किंवा माती. काळा तुम्हाला दाखवला तर लगेच आत या. सकाळच्या सूचना सांगण्याच्या बैठकीत मोबाइल खिशात राहू द्या, कारण झेंडे कुठल्या वळणावर कुठल्या हाताला असतात हे तिथेच सांगतात.

पहिल्या तीन-चार फेऱ्या वेळ बघू नका. घरून आणलेल्या नकाशातली लाल खूण आणि प्रत्यक्षातली ब्रेकची जागा पडताळत जा. ब्रेकसाठी खूण हलणारी धरू नका, सावली किंवा उभं असलेलं वाहन तर मुळीच नाही. डांबरावरचा जोड, कडेचा अंतराचा फलक, कर्बची सुरुवात अशा खुणा धरा. नजर चाकापुढे न ठेवता पुढच्या खुणेवर ठेवा. ब्रेकच्या खुणेशी आलात की ॲपेक्स बघा, ॲपेक्सशी पोहोचायच्या आत बाहेर पडायची जागा बघा. सत्र संपलं की हेल्मेट काढायच्या आधीच नाही, पण पाणी प्यायच्या आधी वही उघडा आणि कुठल्या वळणात घाई झाली ते लिहा. एका सत्रात एकच वळण सुधारायला घ्या, तेही तुम्ही गोल करून ठेवलेलं, लांब पट्ट्याआधीचं. सगळी एकदम सुधारायला गेलेल्यांची एकही सुधारत नाही.

दिवसाच्या शेवटच्या सत्रात अंग थकलेलं असतं आणि धीर वाढलेला असतो, पडण्याचे प्रसंग तिथेच येतात. मनगट दुखत असेल, खुणा चुकत असतील तर ते सत्र सोडून द्या, भरलेल्या पैशाचा विचार करू नका. आणि स्वतःच्याच गाडीने परतायचं असेल तर त्या रात्री निघू नका. दिवसभर ट्रॅकवर घालवल्यावर ताशी ९० हा वेग रांगल्यासारखा वाटतो आणि नजर समोरून येणाऱ्या वाहनाची सवय विसरलेली असते. झोप घ्या. सकाळी आरसे बसवा, चिकटपट्टी काढा, टायरमधली हवा पुन्हा रस्त्याच्या मापावर आणा, ब्रेकचे पॅड किती उरलेत ते बघा आणि मग निघा.